डब्ल्यू यूएमएचा आवर्तकाल खरोखरच बदलतो आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे सहा इंची परावर्तक दुर्बीण आणि रंगीत सीमॉस कॅमेरा आहे. सप्तर्षींच्या परिसरातल्या डब्ल्यू यूएमए या ग्रहणकारी युग्मताऱ्याचे, म्हणजे एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना आळीपाळीने झाकणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोडीचे, त्यांनी पाच रात्री निरीक्षण केले. त्यांपैकी दोन रात्री जानेवारीच्या शेवटी, दोन मार्चच्या मध्यास आणि एक एप्रिलच्या शेवटी होती, आणि दर वेळी त्यांनी साधारण रात्री नऊ ते साडेबारा काम केले. जानेवारीत किमान तेजाची वेळ गणितागत वेळेपेक्षा सहा मिनिटे आधी आली, मार्चमध्ये चार मिनिटे आधी आणि एप्रिलमध्ये बरोबर वेळेवर. किमानाची खोली जानेवारीत ०.७३ प्रत (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा मोठा तेवढा तारा मंद) आणि मार्चमध्ये ०.६८ प्रत आली, म्हणून जानेवारीतले किमान त्यांनी मुख्य, म्हणजे फेरीतल्या दोन किमानांपैकी जास्त खोल, मानले आणि मार्चमधले दुय्यम. मोजणीवर ताऱ्याचे गणिती प्रतिमान (मॉडेल) बसवणाऱ्या सॉफ्टवेअरने वस्तुमानांचे गुणोत्तर एकदा ०.५ च्या आसपास दिले, एकदा २ च्या आसपास, आणि दोन्ही वेळा ताऱ्यावर एक डागही सुचवला. त्यामुळे त्यांनी विचारले आहे की आवर्तकाल बदलताना दिसतो आहे का, आणि दोनपैकी कोणते गुणोत्तर खरे मानायचे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की ही दोन गुणोत्तरे बहुधा एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. मात्र माझ्या मते खरी अडचण या दोन्ही प्रश्नांच्या मागे आहे. तुम्ही पाच रात्रींच्या मोजणीला एकच वक्र (वेळेबरोबर तेज कसे बदलते त्याचा आलेख) समजून सॉफ्टवेअरच्या हवाली केले, आणि त्या मोजणीत वेळेची चूक, तेजाच्या शून्यबिंदूची (ज्या पातळीपासून तेज मोजले तिची) चूक आणि वक्राचा न पाहिलेला भाग हे तिन्ही एकमेकांत मिसळले. सॉफ्टवेअरला हे वेगळे करता येत नाही. त्याला जे दिले जाते ते सगळे ताऱ्याचे आहे असे ते धरून चालते. वेळेच्या बाबतीत तुमची सामग्री तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच चांगली आहे, आणि प्रतिमानाच्या बाबतीत वाटते त्यापेक्षा बरीच अपुरी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुम्ही फिल्टर वापरला होता की कॅमेऱ्याचे तिन्ही रंग एकत्र केले, पाचही रात्री तेच तुलना तारे होते का, संगणकाचे घड्याळ जुळवलेले होते का, हे प्रश्नात आलेले नाही. म्हणून जिथे मी अंदाज करतो आहे तिथे तसे म्हणेन.

आधी न पाहिलेल्या भागाविषयी. डब्ल्यू यूएमएचा आवर्तकाल ०.३३३६३ दिवस, म्हणजे ८ तास आणि सुमारे २६ सेकंद आहे. हा आकडा दिसायला निरुपद्रवी असला तरी एका जागेवरून पाहणाऱ्याला तो चांगलाच चकवतो. तीन आवर्तने पुरी व्हायला २४ तास १ मिनिट आणि १७-१८ सेकंद लागतात. याचा अर्थ आज रात्री दहाला तारा ज्या कलेत (आवर्तनाच्या ज्या टप्प्यावर) आहे, जवळजवळ त्याच कलेत तो उद्या रात्री दहालाही असतो, फक्त सव्वा मिनिट मागे. महिन्याभरात हा फरक जेमतेम ३८-३९ मिनिटांचा होतो. तुम्ही दर वेळी नऊ ते साडेबारा या वेळेत पाहिले, म्हणजे आठ तासांच्या वक्राचा जवळपास तोच तुकडा पाच वेळा मोजला. वक्राचा बराच भाग, दुसऱ्या किमानासकट, तुम्ही पाहिलेलाच नाही, आणि सॉफ्टवेअरने तो आपल्या मनाने भरला.

तुमचे जानेवारीतले आणि मार्चमधले किमान एकाच जातीचे आहे की वेगवेगळ्या, हे खोलीवरून ठरवू नका, मोजून ठरवा. तुम्ही दिलेल्या वेळांप्रमाणे जानेवारीतले पहिले किमान आणि मार्चमधले पहिले किमान यांत ४८ दिवस १ तास आणि ३ मिनिटांचे अंतर आहे. त्याला आवर्तकालाने भागले की १४४.०० येते. भागाकार पूर्णांक आला की दोन्ही किमाने एकाच जातीची असतात, आणि एक मुख्य व दुसरे दुय्यम असते तर पूर्णांकावर साधारण अर्धा उरला असता. म्हणजे मार्चचे किमान वेगळ्या जातीचे नाही. ते जानेवारीचेच किमान आहे, १४४ आवर्तनांनंतरचे. या ताऱ्याच्या मुख्य किमानाची खोली ०.७३ प्रत आणि दुय्यम किमानाची ०.६८ प्रत अशी नोंदलेली आहे, आणि तुमच्या दोन आकड्यांशी ती इतकी जुळते की कोणीही फसावे. मीही फसलो असतो.

मग खोली कमी का आली? मार्चमध्ये तुमचे किमान रात्री पावणेअकराच्या सुमारास आहे. कमालापासून किमानापर्यंत यायला या ताऱ्याला दोन तास लागतात, म्हणून आधीचे कमाल पावणेनऊला होऊन गेले आणि पुढचे पावणेएकला येणार होते. तुम्ही नऊला सुरुवात केली आणि साडेबाराला आवरले, त्यामुळे दोन्ही कमाले तुमच्या हातून थोडक्यात निसटली. या जातीच्या ताऱ्यांचा वक्र माथ्यावर सपाट नसतो, सतत गोलाईत वळत असतो. त्यामुळे पंधरा मिनिटांच्या चुकीने खोली सुमारे दोन शतांश प्रतीने कमी दिसते. उरलेल्या तीन शतांशांचा हिशेब तुलना ताऱ्यांकडे मागावा लागेल, तिकडे मी पुढे येतो.

आता सहा मिनिटांविषयी. तुमच्या पत्रातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, फक्त त्याचे श्रेय ताऱ्याला देता येत नाही. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ४९९ सेकंद, म्हणजे ८.३ मिनिटे लागतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना वर्षातून एकदा एखाद्या ताऱ्याच्या बाजूला असते आणि सहा महिन्यांनी त्याच्या विरुद्ध बाजूला. बाजूला असताना ताऱ्याची प्रत्येक घटना आपल्याला लवकर दिसते आणि विरुद्ध बाजूला असताना उशिरा. तारा क्रांतिवृत्तावरच (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गावर) असेल तर हा फरक अधिक-उणे ८.३ मिनिटे भरतो. डब्ल्यू यूएमए क्रांतिवृत्ताच्या सुमारे ३९ अंश उत्तरेस आहे, म्हणून त्याच्यासाठी तो अधिक-उणे ६.४ मिनिटे होतो. पृथ्वी या ताऱ्याच्या सर्वांत जवळच्या बाजूला जानेवारीच्या २७ तारखेच्या आसपास असते. तेव्हा किमान तेजाचा क्षण ६.४ मिनिटे लवकर दिसला पाहिजे, मार्चच्या मध्यास सव्वाचार-साडेचार मिनिटे लवकर, आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, एप्रिलच्या शेवटी, फरक शून्यावर आला पाहिजे. तुमचे आकडे सहा, चार आणि शून्य आहेत. म्हणजे तुम्ही सहा इंची दुर्बिणीने आपल्या गच्चीवरून पृथ्वीची वार्षिक प्रदक्षिणा मोजली आहे. १६७६ मध्ये रोमर यांनी गुरूच्या आयो या उपग्रहाच्या ग्रहणांवरून प्रकाशाला वेग असतो हे दाखवले, तोच हा परिणाम.

किमानांची प्रसिद्ध होणारी वेळापत्रके जवळजवळ नेहमी सूर्यकेंद्री वेळेत, म्हणजे घटना सूर्यावरून पाहिली असती तर दिसली असती त्या वेळेत, असतात, आणि तुम्ही त्यांच्याशी घड्याळातली वेळ ताडून पाहिली. प्रत्येक फ्रेमच्या मध्यबिंदूची वेळ घ्यावी, ती सूर्यकेंद्री ज्युलियन दिनांकात (खगोलशास्त्रातल्या अखंड दिवसमोजणीत) बदलावी, आणि मगच पुढचे गणित करावे. अलीकडे सूर्याऐवजी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याचा संदर्भ घेतात. त्या दोहोंतला भूमितीचा फरक चार सेकंदांच्या आत असतो, मात्र त्याबरोबर कालमापनाची पद्धतही बदलते आणि यूटीसीपेक्षा (जागतिक प्रमाणवेळेपेक्षा) सुमारे ६९ सेकंदांचा फरक पडतो. तुमच्या किमानांची अचूकता अर्ध्या मिनिटाच्या घरात जाणार असेल तर ६९ सेकंद ही लहान गोष्ट नव्हे. तुम्ही कोणती वेळ वापरली आहे हे प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर लिहीत जा. वर्षभराने तुम्हालाही ते आठवणार नाही.

ज्युलियन दिवस दुपारी बाराला, ग्रिनिचच्या वेळेने, बदलतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे भारतातली पूर्ण रात्र एकाच ज्युलियन दिवसात बसते आणि हिशेब सोपा होतो. पण जुनी निरीक्षणे वापरताना याच ठिकाणी घसरायला होते. हंस तारकासमूहातल्या केआयसी ९८३२२२७ या युग्मताऱ्याचे उदाहरण घ्या. त्याचा आवर्तकाल वेगाने घटतो आहे आणि त्याचे दोन घटक २०२२ च्या सुमारास एकमेकांत विलीन होऊन एक लाल नवतारा दिसेल, असे भाकीत २०१७ मध्ये झाले आणि जगभर गाजले. २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की १९९९ च्या निरीक्षणांतल्या एका किमानाची वेळ छापताना बरोबर बारा तासांनी चुकली होती. ती चूक काढल्यावर विलीनीकरणाचे भाकीत उरलेच नाही. मुळात भाकिताला बळ देणारे उदाहरणही खरेच होते. वृश्चिकेतल्या व्ही १३०९ या ताऱ्याचा आवर्तकाल काही वर्षे घटत गेला होता आणि २००८ मध्ये त्याचे घटक खरोखरच विलीन झाले होते. उदाहरण खरे असले तरी एका आकड्याची चूक पुरेशी ठरली.

माझी स्वतःची चूक यापेक्षा खूप साधी होती. वाईजवळच्या एका शेतावर मी सलग चार रात्री एका मंद युग्मताऱ्याची किमाने टिपली. तिथे मोबाइलची रेंज नव्हती, लॅपटॉप इंटरनेटशी जोडलेला नव्हता, आणि त्याची आतली बॅटरी थकलेली होती हे मला ठाऊक नव्हते. चारही किमाने जवळपास दोन मिनिटे आधी आली. चारही एकाच बाजूला आल्यामुळे माझा विश्वास वाढला, आणि घरी येईपर्यंत मी त्या जोडीसोबतच्या तिसऱ्या, न दिसणाऱ्या ताऱ्याच्या कक्षेचे गणित मनात मांडायला घेतले होते. घरी लॅपटॉप जाळ्याला जोडला आणि माझ्या डोळ्यांदेखत घड्याळ एक मिनिट पन्नास सेकंद पुढे सरकले. तेव्हापासून मी निरीक्षणाच्या आधी आणि नंतर लॅपटॉपच्या पडद्याशेजारी जीपीएसची वेळ दाखवणारा फोन धरून एक फोटो काढतो. सेकंदकाटा दोन्हीकडे दिसेल असा. हा उपाय अगदी साधा आहे, आणि तो अजून एकदाही वाया गेलेला नाही.

किमानाची वेळ काढण्याची पद्धत अशी. डब्ल्यू यूएमए कमालाला ७.७५ प्रतीचा असतो आणि मुख्य किमानाला ८.४८ प्रतीचा. सहा इंची दुर्बिणीला तो खूप तेजस्वी आहे, त्यामुळे चित्र किंचित विस्कटून घ्यावे म्हणजे प्रकाश जास्त पिक्सेलांवर पसरतो आणि एकही पिक्सेल भरून वाहत नाही. एक्सपोजर फार लहान ठेवू नका. एका सेकंदाच्या चित्रात वातावरणामुळे होणारे लुकलुकणेच मोजले जाते. उताराच्या भागात या ताऱ्याचे तेज मिनिटाला सरासरी सहा सहस्रांश प्रतीने बदलते, म्हणून वीस ते तीस सेकंदांच्या एक्सपोजरने वक्र बोथट होत नाही आणि लुकलुकही बऱ्यापैकी सरासरीत जाते. किमानाच्या दोन्ही बाजूंना निदान पाऊण तास निरीक्षण हवे, आणि ते दोन्ही बाजूंना सारखे हवे. तुमच्या एप्रिलच्या रात्री किमान पावणेबाराला आले असावे, म्हणजे तुमच्याजवळ उतरणारी बाजू भरपूर आहे आणि चढणारी बाजू तेवढी समतोल नाही. अशा वेळी वाढीव उतार निर्दयपणे छाटून टाकावा.

वेळ काढायला क्वी आणि व्हान वुर्डेन यांची १९५६ ची पद्धत आजही उत्तम आहे. ती वक्राला एका संभाव्य मध्यरेषेवर दुमडते आणि दोन्ही बाजू सर्वांत चांगल्या जुळतील ती रेषा निवडते. तिच्यासाठी ताऱ्याचे कोणतेही प्रतिमान गृहीत धरावे लागत नाही, म्हणूनच ती मला आवडते. तिच्यातून मिळणारी त्रुटी मात्र मी जशीच्या तशी मानत नाही, कारण ती बहुधा फार आशावादी असते. मी तोच वक्र तीन वेगवेगळ्या रुंदीच्या तुकड्यांतून काढतो, आणि तीन उत्तरांत जेवढा फरक येतो तेवढी त्रुटी लिहितो. स्वच्छ रात्री ती ०.०००३ दिवस, म्हणजे सुमारे २६ सेकंद येते. सॉफ्टवेअरने चार सेकंद सांगितले असले तरी मी सव्वीसच लिहितो.

आवर्तकाल बदलतो आहे का हा प्रश्न विचारायला तीन महिने फारच थोडे आहेत. त्याचे कारण आकड्यांतच आहे. आवर्तकालात दिवसाच्या एक दशलक्षांशाची, म्हणजे ०.०९ सेकंदाहूनही कमी चूक असेल तर तीन महिन्यांत तिचा साठा २३-२४ सेकंद होतो आणि तुमच्या त्रुटीतच बुडून जातो. दहा वर्षांत मात्र सुमारे १०,९५० आवर्तने होतात आणि तीच चूक पावणेसोळा मिनिटांवर जाते. म्हणून हौशी निरीक्षकाने वर्षाला चार चांगली किमाने नोंदवत राहणे हे एका वर्षात शंभर नोंदवण्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरते. निरीक्षित वेळ वजा गणितागत वेळ असा आलेख काढला तर त्याच्या आकारावरून कारण ओळखता येते. सरळ तिरपी रेषा आली तर धरलेला आवर्तकालच थोडा चुकला आहे. परवलय आला तर आवर्तकाल एकसारख्या गतीने बदलतो आहे, आणि त्याचे नेहमीचे कारण एका घटकातले द्रव्य दुसऱ्यात वाहणे हे असते. स्वरमंडळातल्या बीटा लायरेचा सुमारे १२.९ दिवसांचा आवर्तकाल असाच वर्षाला सुमारे १९ सेकंदांनी वाढत जातो. नियमित लाट दिसली तर तिसरा घटक असावा असा संशय घ्यावा, पण तिचा काळ बरोबर एक वर्ष आला तर आधी सूर्यकेंद्री दुरुस्ती तपासावी. तुमची लाट याच प्रकारातली आहे.

आता राहिलेल्या तीन शतांश प्रतीकडे येतो. इथे मी अंदाज करतो आहे, पण हा अंदाज अनेकदा खरा ठरलेला आहे. जानेवारीच्या रात्री तुमचे किमान तारा ईशान्येला क्षितिजापासून जेमतेम ३१ अंशांवर असताना आले, आणि मार्चमध्ये तो याम्योत्तरावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, जिथे तो सर्वांत उंच असतो), सुमारे ५२ अंशांवर होता. पहिल्या वेळी त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट थरातून आला, दुसऱ्या वेळी सव्वापटीतून. तुलना तारा शेजारी असल्यामुळे हा परिणाम बहुतांश रद्द होतो, पण तो पूर्ण रद्द होण्यासाठी दोघांचा रंग सारखा असावा लागतो. हवा निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त अडवते. डब्ल्यू यूएमएचा रंग साधारण सूर्यासारखा आहे. तुम्ही तेजस्वी दिसला म्हणून एखादा नारंगी तारा तुलनेला घेतला असेल आणि कॅमेऱ्याचे तिन्ही रंग एकत्र केले असतील, तर तारा वर चढत असताना फरकही हळूहळू सरकत जातो आणि वक्राला एक खोटा उतार मिळतो. त्याच उतारामुळे एक कमाल दुसऱ्यापेक्षा ठेंगणे दिसते. सॉफ्टवेअरला त्याचे कारण ताऱ्याच्या पृष्ठावर शोधावे लागते, आणि ते तिथे एक थंड डाग ठेवून मोकळे होते.

अशा ताऱ्यांवर डाग असतात हे खरे आहे, आणि दोन कमालांच्या उंचीतला फरकही खराच असतो. ओकॉनेल यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केल्याने तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण दोन्ही कमाले एकाच रात्री, पुरेशा उंचीवर पाहिल्याशिवाय मी डागाचा विचारही करत नाही. ज्याने एका रात्री एकच कमाल पाहिले आहे त्याने दोन कमालांच्या फरकाविषयी बोलणे म्हणजे वरपक्ष न पाहताच पत्रिका जुळवण्यासारखे आहे.

यावर माझा नेम असा आहे. रंगीत कॅमेरा असेल तर फक्त हिरवा चॅनल वेगळा काढावा, आणि शक्य झाल्यास एकरंगी कॅमेऱ्यावर प्रमाणित व्ही फिल्टर घ्यावा. तुलना तारा सूर्यासारख्या रंगाचा, तेजाने जवळचा आणि सगळ्या रात्री तोच असावा. त्याच्याच शेजारी एक तपासणी तारा असावा आणि त्याचे तेजही प्रत्येक फ्रेममध्ये मोजावे. तपासणी वजा तुलना या फरकाचा आलेख सरळ आडवा आला नाही तर त्या रात्रीच्या वक्रावर मी काहीही बोलत नाही. तो आलेख तारा चढताना वाकत असेल तर कारण रंग किंवा हवेचा थर, आणि पहाटे अचानक विस्कटला तर बहुधा दव. घाटमाथ्याजवळ जानेवारीत पहाटे तीननंतर काचेवर दव धरते, तेव्हा सगळेच तारे एकदम मंदावतात आणि अनुभव नसलेल्याला ते ग्रहण वाटते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात यॉर्कमध्ये अठरा वर्षांचा जॉन गुडरिक ययाती तारकासमूहातल्या अल्गॉलचे निरीक्षण नुसत्या डोळ्यांनी करत होता. शेजारच्या ताऱ्यांशी रोज तुलना करणे एवढेच त्याचे साधन होते, आणि तेवढ्यावर त्याने २ दिवस २१ तासांच्या जवळचा आवर्तकाल काढला. त्याला ऐकू येत नव्हते. त्याने या बदलाचे एक कारण सुचवले ते असे की एखादा मोठा पिंड ताऱ्यासमोरून फिरत असावा. वर्णपटाने त्याला पुष्टी द्यायला १८८९ उजाडले.

शेवटचा मुद्दा प्रतिमानाचा. डब्ल्यू यूएमएचे दोन घटक इतके जवळ आहेत की त्यांचे बाह्य थर एकमेकांना भिडलेले आहेत आणि दोघांभोवती एकच सामायिक आवरण आहे. म्हणूनच वस्तुमाने वेगळी असूनही दोघांचे पृष्ठतापमान जवळपास सारखे आहे, आणि म्हणूनच दोन्ही किमाने जवळपास सारखी खोल आहेत. ०.७३ प्रत म्हणजे तेज निम्म्यावर येणे. अशा वक्रात कक्षेचा कल, आवरण किती भरलेले आहे, आणि दोन तापमानांचे गुणोत्तर यांची माहिती चांगली असते. वस्तुमानांच्या गुणोत्तराची माहिती मात्र वक्रात अप्रत्यक्षच असते. ग्रहण पूर्ण असेल आणि किमानाचा तळ सपाट दिसत असेल तर ती भरवशाची असते. ग्रहण अर्धवट असेल तर कल, आवरण आणि गुणोत्तर एकमेकांची चूक झाकतात, आणि बऱ्याच वेगवेगळ्या संचांतून तोच वक्र निघतो. प्रत्यक्ष वस्तुमाने आणि त्रिज्या किलोमीटरमध्ये हव्या असतील तर वर्णपटावरून दोघांचे वेग मोजावेच लागतात. नुसत्या प्रकाशवक्राला अंतराचे मोजमाप ठाऊक नसते. दोन चेंडू लांब असोत की जवळ, त्यांच्या सावल्यांचे प्रमाण तेच राहते.

तुमच्या ०.५ आणि २ या उत्तरांचे कोडे मात्र सुटण्यासारखे आहे. वर्णपटावरून या ताऱ्याचे वस्तुमान-गुणोत्तर, हलका भागिले जड असे मांडले तर, साधारण ०.४८ आले आहे. या ताऱ्यात हलका घटक थोडा जास्त तप्त आहे, आणि मुख्य किमानाच्या वेळी झाकला जातो तो हाच हलका घटक. बरीच सॉफ्टवेअरे मुख्य किमानात झाकल्या जाणाऱ्या घटकाला पहिला क्रमांक देतात आणि गुणोत्तर दुसरा भागिले पहिला असे धरतात. त्या पद्धतीने जड भागिले हलका, म्हणजे १ भागिले ०.४८, सुमारे २.०८ येते. तुम्ही एकदा मुख्य किमान शून्य कलेला ठेवले असावे आणि एकदा दुय्यम, आणि सॉफ्टवेअरने दोन्ही वेळा आपापल्या परीने बरोबर उत्तर दिले असावे. मात्र तुम्ही पाहिलेले एकमेव किमान मुख्य आहे की दुय्यम, हे सध्या तुमच्या सामग्रीवरून सांगता येत नाही. आधी सूर्यकेंद्री दुरुस्ती करून वेळ अद्ययावत वेळापत्रकाशी जुळवा, मग ते कळेल.

प्रतिमान बसवताना गुणोत्तर ०.४८ ला, किंवा सॉफ्टवेअरची पद्धत उलटी असेल तर २.०८ ला, खिळवून टाका, ते सोडवायला ठेवू नका. पहिल्या घटकाचे तापमान रंगावरून ठरवा आणि तेही खिळवा. सूर्यासारख्या थंडसर ताऱ्यांना गुरुत्वामुळे येणाऱ्या काळोखाचा घातांक ०.३२ आणि परावर्तन ०.५ घेण्याची पद्धत आहे, ती पाळा. मग कल, आवरण आणि दुसऱ्या घटकाचे तापमान एवढेच मोकळे ठेवा. १९७१ मध्ये विल्सन आणि डेव्हिनी यांनी रचलेल्या पद्धतीवर आजची बहुतेक सॉफ्टवेअरे उभी आहेत आणि ती अतिशय समर्थ आहेत. समर्थ सॉफ्टवेअरला दहा चले मोकळी सोडून दिली की ते कोणताही वक्र सुबक बसवते, अगदी दव धरलेल्या काचेचासुद्धा.

पुढच्या मोसमासाठी माझी सूचना एकाच रात्रीची आहे. फेब्रुवारीच्या मध्यास हा तारा आपल्याकडे मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता याम्योत्तरावर येतो आणि रात्री साडेआठपासून पहाटे पावणेपाचपर्यंत क्षितिजापासून ३० अंशांच्या वर राहतो. म्हणजे सव्वाआठ तास मिळतात आणि आवर्तकाल आठ तासांचा आहे. ज्या आवर्तकालाने तुम्हाला पाच रात्री एकच तुकडा दाखवला, तोच इथे अख्खा वक्र एका रात्रीत, एका शून्यबिंदूवर, त्याच तुलना ताऱ्यावर देतो. काचेवर दवरोधक पट्टी लावा, घड्याळाचा फोटो आधी आणि नंतर काढा, आणि शेजाऱ्यांना गच्चीवरचा दिवा एक रात्र बंद ठेवायची विनंती दुपारीच करून ठेवा. त्या रात्रीचा तक्ता इथे टाकलात तर मी पाहीन, फक्त त्यातला तपासणी ताऱ्याचा स्तंभ काढून टाकू नका, कारण मी सर्वांत आधी तोच वाचणार आहे.